गढीच्या पायात कोण पुरले आहे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. राजापेठेत आमच्या घरची लाइन गेली होती. पुतण्या आणि त्याचे तीन मित्र, सगळे इंजिनिअरिंगला शिकणारे, लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर सिनेमा पाहत बसले होते आणि पोट धरधरून हसत होते. विनोदी सिनेमा असेल म्हणून आम्ही डोकावलो, तर पडद्यावर रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर'! १९८४ चा. ज्या सामरी नावाच्या राक्षसाने आमच्या पिढीची झोप उडवली होती, त्याच्या मुखवट्याचा रबर कुठे सुटला आहे हे ही पोरे एकमेकांना बोट लावून दाखवत होती.

"मोठेबाबा, तुम्ही याला भेत होते?" पुतण्याने विचारले.

आम्ही उत्तर देण्याआधीच बाजेवरून माय बोलली, "आता हासता लेकहो. तुमचा हा मोठाबाबा हा पिच्चर पाहून आला, तं आठ दिवस रात्री एकटा मोरीवर गेला नाई."

आम्ही कबूल केले. कबूल करण्यासारखेच होते. मग आम्हीही त्या पोरांजवळ बसलो आणि चाळीस वर्षांनंतर तो सिनेमा पुन्हा पाहिला. या वेळी भीती वाटली नाही, आणि हसूही आले नाही. एक प्रश्न मात्र डोक्यात शिरला आणि तो अजून बाहेर पडायला तयार नाही. तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

अमरावतीकराला सिनेमाचे वेड काय असते हे सांगावे लागत नाही. या शहरात चौकांना टॉकीजची नावे आहेत. चित्रा चौक, श्याम चौक. सिनेमाच्या धंद्यात आपल्या मुलखाला अजून 'सी. पी. बेरार' म्हणतात. तो प्रांत जाऊन पाऊणशे वर्षे झाली, पण वितरकांच्या वहीत तो जिवंत आहे. आमचे वडील जिनिंगमध्ये कामाला होते. पडद्याजवळच्या बाकावर, मान वर करून, आम्ही त्या काळी जे मिळेल ते पाहिले. टॉकीजला नाही जमले तर वस्तीत भाड्याचा व्हीसीआर यायचा, वर्गणी व्हायची आणि रात्रभर तीन-तीन सिनेमे चालायचे. त्यात एक तरी भुताचा असायचाच. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२), 'दरवाजा' (१९७८), 'पुराना मंदिर', 'वीराना' (१९८८), 'बंद दरवाजा' (१९९०). रामसे हे सात भाऊ. पैसा थोडा, नट दुय्यम, पण छोट्या शहरातल्या माणसाची नाडी त्यांना बरोबर सापडली होती. १९९३ मध्ये 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि टॉकीजमधले भूत थेट घरात आले.

या सिनेमांकडे आपल्या चळवळीने कधी लक्ष दिले नाही. पौराणिक सिनेमांची चिकित्सा झाली, मालिकांची झाली, पाठ्यपुस्तकांची झाली. भुताचा सिनेमा मात्र टाकाऊ माल म्हणून सोडून दिला गेला. हे चुकले असे आमचे मत आहे. कारण मनुष्य ज्या गोष्टीला भितो, ती गोष्ट त्याला कोणी शिकवली हे पाहिल्याशिवाय त्याची गुलामगिरी समजत नाही.

आता 'पुराना मंदिर'ची गोष्ट नव्या डोळ्यांनी पाहू. दोनशे वर्षांपूर्वीचा एक राजा. सामरी नावाचा सैतान पकडला जातो. राजा त्याचे शिर धडावेगळे करवतो. शिर पेटीत बंद करून हवेलीत ठेवले जाते आणि धड जुन्या मंदिरामागे पुरले जाते. मरता मरता सामरी शाप देतो की या घराण्याच्या बायका बाळंतपणात मरतील. पुढचा सगळा सिनेमा त्या घराण्याचा वंश कसा वाचेल याच्या काळजीत जातो. शिर आणि धड एकत्र येते, गावावर अरिष्ट येते, त्रिशूळ येतो, आग येते, सैतान संपतो, ठाकुराची मुलगी सुखरूप राहते.

आम्ही सामरीची वकिली करत नाही. लेखकाने त्याला दुष्टच रंगवला आहे. पण लक्षात घ्या, तो दुष्ट होता हे आपल्याला राजाच्या दरबारातून कळते. पकडणारा राजा, न्याय देणारा राजा, गोष्ट सांगणारेही राजाचेच घराणे. एका शापाखेरीज पलीकडच्या बाजूला तोंड नाही. आणि असा हा एकच सिनेमा नाही. त्या काळच्या भयपटांचा साचा काढला तर तो असाच निघतो. एक हवेली आहे. हवेलीखाली, मागे किंवा तळघरात कोणीतरी पुरलेले आहे. ते वर येते. मग आपण, म्हणजे पडद्याजवळच्या बाकावर बसलेली कामगारांची पोरे, हवेलीच्या बाजूने श्वास रोखून धरतो! ज्या हवेलीच्या दारात आपल्या बापजाद्यांना चपला काढून उभे राहावे लागले, तिचा वंश बुडू नये म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो. हीच तर खरी करामत आहे.

आमच्या डोक्यात शिरलेला प्रश्न तो हाच. हवेलीखाली पुरलेला तो कोण आहे?

याचे उत्तर महाराष्ट्रात एका मुलीने रामसेंच्या सव्वाशे वर्षे आधी दिले आहे. मुक्ता साळवे. सावित्रीमाई आणि जोतीरावांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, वयाने जेमतेम चौदा वर्षांची, मांग समाजातली मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. त्यात ती सांगते की आमच्या लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलले, तिथे मोठमोठ्या इमारती उभ्या केल्या, आणि त्या इमारतींच्या पायात आमच्याच माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरले. बांधवांनो, हा निबंध पुन्हा काढून वाचा. आम्ही तो अनेकदा वाचला होता. पण त्या रात्री सामरीचे धड मातीतून वर येताना पाहिले आणि पहिल्यांदा तो अंगावर आला. सिनेमावाल्यांनी ज्याला कपोलकल्पित भय म्हणून विकले, ते आपल्या एका मुलीने हकिगत म्हणून लिहून ठेवले आहे. फरक एवढाच की तिच्या लिखाणात पुरलेल्या माणसाला नाव आहे, जात आहे, दुःख आहे. सिनेमात त्याला सुळे आणि नखे आहेत.

आमच्या वऱ्हाडात हवेली म्हणत नाहीत, गढी म्हणतात. पांढऱ्या मातीची, उंच बुरुजाची, गावात कुठूनही दिसणारी. आमच्या मूळ गावीही एक गढी होती. आता ढासळली आहे, तिच्यावर बाभळी उगवल्या आहेत. लहानपणी तिथे दिवे लागल्यावर जायची आम्हाला बंदी होती. गढीत भूत आहे, असे सांगत. ते कोणी पाहिले, कधी पाहिले, हे विचारायची सोय नव्हती.

आमचे आजोबा महारकीची कामे केलेले. रात्रीबेरात्री कोणी मेले तर परगावी सांगावा घेऊन जाणे, मसणवटीत लाकडे पोचवणे, गावाची राखण करणे, मेलेले ढोर ओढणे. म्हणजे गाव ज्या वेळी आणि ज्या जागी भुताला भिऊन दारे लावून घेई, त्याच वेळी आणि त्याच जागी जाणे हे आजोबांचे काम होते. गावाने भीती स्वतःकडे ठेवली आणि अंधार आम्हाला दिला. "आबा, तुम्हाला भूत दिसलं का कधी?" असे आम्ही एकदा विचारले होते. आजोबा म्हणाले, "भूत म्या काई पाह्यलं नाई बाप्पा. पाटलाचा सोटा पाह्यला." तेव्हा आम्ही हसलो होतो. आता वाटते की भयपटांवर इतकी नेमकी समीक्षा दुसऱ्या कोणी केली नसेल.

आपल्याकडे भुतांनाही जात सुटलेली नाही, हेही पाहून ठेवण्यासारखे आहे. मुंज झाली आणि लग्नाआधी मेला तो मुंजा. तो पिंपळावर राहतो. त्याला मुंज हवी, म्हणजे तो कोणाचा हे वेगळे सांगायला नको. ब्रह्मसमंध नावातच ब्राह्मण. खवीस म्हटला की तो मुसलमानाचा, असे कित्येक ठिकाणी सांगतात. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. मरणानंतर सर्व समान, असे कीर्तनात सांगायचे आणि मरणानंतरही वर्ण, धर्म आणि बाईपण यांची नोंद ठेवायची, असा हा कारभार. हडळीचेच घ्या. वैद्य नाही, दवाखाना नाही, पोटात अन्न नाही, म्हणून एक बाई बाळंतपणात गेली. ती का गेली हे विचारण्याऐवजी गावाने तिच्या उलट्या पावलांची गोष्ट रचली. गुन्हा गावाचा, पण घाबरायचे मात्र मेलेल्या बाईला!

सगळाच जुना सिनेमा असा होता, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९७९ चा 'जानी दुश्मन' पुन्हा पाहा. लाल जोड्यातल्या नवऱ्या डोलीतून गायब होतात. संशय इकडे फिरतो, तिकडे फिरतो. शेवटी उलगडते की तो राक्षस गावाचा ठाकूरच आहे, संजीवकुमारने रंगवलेला, ज्याच्यापुढे सारे गाव हात जोडत होते तो. गावातल्या नवऱ्या मुलींना कोणाच्या वाड्यापासून भय असते, हे त्या सिनेमाने एका अंगाने दाखवून टाकले. पण ते पेलवले नाही. लगेच ठाकुराच्या अंगात दुसऱ्याच कोणाचा आत्मा शिरला आहे असे सांगून त्याला सोडवले, आणि त्या आत्म्याच्या सूडाचे खापर एका विश्वासघातकी नवरीवर फोडले. सत्य दाराशी आले आणि परत पाठवले गेले.

दुसऱ्या देशांतल्या जुन्या भयपटांकडे पाहिले म्हणजे हा फरक कळतो. १९६८ साली अमेरिकेत जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला. मेलेली माणसे उठून जिवंतांना खातात, अशी गोष्ट. एका घरात काही माणसे अडकतात. त्यांना रात्रभर सांभाळणारा शहाणा, धीराचा नायक काळा आहे. ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने तो केला. तो सगळ्या प्रेतांपासून वाचतो. सकाळ होते, मदतीला म्हणून बंदूकधारी गोऱ्यांची टोळी येते आणि त्यालाच प्रेत समजून गोळी घालते. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून होऊन त्या वेळी सहा महिने झाले होते. प्रेक्षकाला कोणी भाषण दिले नाही. रात्री भुते होती, सकाळी माणसे आली, आणि नायक सकाळी मेला. ज्या देशातल्या ब्लॅक पँथरकडे पाहून १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, त्या देशातला हा सिनेमा आहे. तो आपल्या वस्तीत दाखवायला पाहिजे होता. आपल्या वस्तीत सामरी आला.

जपानचा 'गॉडझिला' १९५४ चा. त्याच वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि जपानी मासेमारांची एक बोट तिच्या राखेत सापडली. नोव्हेंबरमध्ये पडद्यावर समुद्रातून हा प्राणी वर आला. तो का आला, हे तो सिनेमा लपवत नाही. माणसांनी बॉम्ब फोडले म्हणून तो आला. म्हणजे राक्षस दाखवला आणि राक्षस करणाराही दाखवला.

इथे आमच्या पुतण्याने आमच्या ज्ञानात भर घातली. "मोठेबाबा, तुम्हाला जपानचंच पाहायचं तर ॲनिमे पाहा," तो म्हणाला. आम्हाला वाटले, कार्टून! लहान पोरांचे! तो म्हणाला, "तुम्ही पाहिलं आहे. मोगली पाहिला ना?" खरेच की. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर जो मोगली लागायचा, रस्ते ओस पडायचे, तो जपानमध्ये तयार झालेला होता, हे आमच्या गावीही नव्हते. लांडग्यांमध्ये वाढलेले ते पोर ना पुरते कळपाचे, ना पुरते गावाचे. आम्हाला ते इतके जवळचे का वाटले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

लाइन आल्यावर पुतण्याने हायाओ मियाझाकीचा २००१ चा 'स्पिरिटेड अवे' लावला. हा सिनेमा ऑस्कर मिळवून गेलेला आहे. भुताखेतांचे आणि देवदेवतांचे एक न्हाणीघर आहे. चिहिरो नावाची मुलगी तिथे सगळ्यांत खालच्या कामाला लागली आहे. एक पाहुणा येतो. चिखलाचा, घाणीचा, चालता ढिगारा. त्याच्या वासाने सगळे नाक दाबतात, दारे लावतात, जेवण नासते. त्याला न्हाऊ घालायचे काम अर्थातच त्या पोरीच्या गळ्यात पडते. ती न्हाऊ घालता घालता तिच्या हाताला त्याच्या अंगात रुतलेले काहीतरी लागते. ती ओढते, मग सारे मिळून ओढतात. एक सायकल निघते आणि तिच्यामागून माणसांनी टाकलेला सगळा कचरा. घाण संपते तेव्हा दिसते की हा पाहुणा म्हणजे एक नदी होती.

आमच्या घरात त्या वेळी कोणी बोलले नाही. मायने डोळ्याला पदर लावला. ज्याला घाणेरडा म्हणून नाके दाबली, त्याची घाण त्याची नव्हती. ती दुसऱ्यांनी त्याच्यात टाकलेली होती. अस्पृश्यतेबद्दल बाबासाहेबांनी आयुष्यभर जे ग्रंथ लिहून पटवून दिले, त्याच्या अगदी शेजारून जाणारी गोष्ट एका जपानी माणसाने दहा मिनिटांत लहान मुलांना सांगितली होती.

त्याचाच आणखी जुना 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) आहे. त्यात सुरुवातीलाच एक रानडुक्कर सैतान होऊन गावावर चालून येते. नायक त्याला मारतो, आणि त्याच्या हाताला शाप लागतो. आपल्या सिनेमात इथे मांत्रिक आला असता. इथे गावची जाणती म्हातारी त्या डुकराच्या शरीरात सापडलेला लोखंडाचा गोळा दाखवते. त्याला कोणीतरी गोळी घातली होती, त्या वेदनेने तो सैतान झाला. नायक मंत्र शोधायला जात नाही, तो गोळा कुठल्या भट्टीत तयार झाला हे शोधायला जातो. पुढे ती भट्टी सापडते आणि तिथेही गुंता आहे. भट्टीची मालकीण जंगल तोडते, पण जगाने टाकलेल्या महारोग्यांना तिनेच हाताने धुऊन, पट्ट्या बांधून माणसात ठेवले आहे. चांगले आणि वाईट असे दोन कप्पे करून प्रेक्षकाला घरी पाठवलेले नाही.

आणि ओसामू तेझुका या चित्रकाराची 'दोरोरो' तर सरळ मुक्ता साळवेच्या निबंधाशेजारी ठेवावी अशी आहे. चित्रकथा १९६७ ची, पडद्यावर आली १९६९ मध्ये, २०१९ मध्ये पुन्हा नव्याने केली गेली. एक सरदार सत्तेसाठी सैतानांशी सौदा करतो आणि जन्माला येणाऱ्या स्वतःच्या मुलाचे अवयव त्यांना देऊन टाकतो. डोळे, कान, हात, पाय नसलेले ते पोर नदीत सोडले जाते. ते जगते, मोठे होते आणि एकेका सैतानाकडून आपला एकेक अवयव परत मिळवत निघते. नव्या आवृत्तीत तर असे दाखवले आहे की या सौद्यामुळे सरदाराचा मुलूख सुखी झाला, पिके आली, रोगराई टळली. त्यामुळे पोर आपले शरीर परत मागू लागले की सगळा मुलूख त्याच्यावर चिडतो. आमचे सुख मोडायला आलास का, म्हणून! आरक्षणाच्या नावाने बोटे मोडणाऱ्या प्रत्येक माणसाला ही गोष्ट दाखवली पाहिजे. आपण काही भीक मागत नाही. आपलेच काढून घेतलेले हात-पाय परत मागत आहोत.

हे जपानी लोकांना सुचले कसे? त्याचे एक कारण आपल्या वाचकांना ठाऊक असले पाहिजे. जपानमध्येही अस्पृश्य होते. कातडे कमावणारे, जनावरे कापणारे, प्रेते पुरणारे लोक तिथेही गावाबाहेर ठेवले होते. १८७१ मध्ये सरकारने कायद्याने त्यांची हीन नावे रद्द केली, पण लग्न जुळवताना आणि नोकरी देताना त्यांची वस्ती विचारली जातच राहिली. ३ मार्च १९२२ रोजी क्योटो शहरात त्या बुराकू लोकांनी आपली 'सुईहेईशा' ही समतेची संघटना उभारली. महाडच्या आधी पाच वर्षे! सानपेई शिराटोने १९६४ पासून काढलेल्या 'कामुई'च्या चित्रकथेचा नायक अशाच बहिष्कृत वस्तीतला आहे, आणि १९६९ मध्ये तोही पडद्यावर आला. तेझुकाने तर १९७२ ते १९८३ एवढा काळ तथागतांचे चरित्र चित्रांतून काढले आणि त्याची सुरुवात राजवाड्यातून न करता एका दास मुलापासून आणि एका बहिष्कृत पोरापासून केली. त्यावरचा सिनेमा २०११ मध्ये आला. आपल्या किती घरांत तो पाहिला गेला?

म्हणून जपान म्हणजे स्वर्ग आहे, असे आम्ही म्हणत नाही. तिथेही बुराकूंचा प्रश्न उघड बोलायला लोक कचरतात. 'स्पिरिटेड अवे'मध्येही घाण काढायला सगळ्यांत खालची पोरच पुढे ढकलली जाते, हे गटारात माणसे मरणाऱ्या देशातल्या प्रेक्षकाने विसरता कामा नये. प्रश्न एवढाच की त्या गोष्टी भूत दाखवून थांबत नाहीत. भूत कोणी केले, हे विचारतात.

अलीकडे आपल्याकडेही हे थोडे थोडे होऊ लागले आहे. २०१७ चा मराठी 'लपाछपी' उसाच्या फडात स्त्रीभ्रूणहत्येचे भूत उभे करतो. २०१८ च्या 'स्त्री'मध्ये गावाला भिववणारी बाई आधी गावाकडूनच नाडली गेलेली निघते. त्याच वर्षीच्या 'तुंबाड'मध्ये वाड्याच्या पोटात दडलेली वस्तू म्हणजे त्या घराण्याची पिढीजात हाव आहे. पण गढीच्या पायात पुरलेला माणूस अजून मराठी पडद्यावर बोललेला नाही. तो सिनेमा कोणीतरी आपल्यातल्याच पोराने करायचा आहे.

कोणी म्हणेल, हे सिनेमाचे झाले, यात एवढे काय आहे? रबराचे मुखवटे, पोरे हसतात, विषय संपला. विषय संपत नाही, हेच तर सांगायचे आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, आजारी लेकराच्या पोटावर तापलेल्या सळईचे चटके दिल्याच्या बातम्या येतात. जादूटोण्याच्या संशयावरून एखाद्या म्हाताऱ्या बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या येतात. ती बाई काही रबराचा मुखवटा घालत नाही. आणि चटके देणारे आदिवासी अडाणी म्हणून शहरी माणसाने नाक मुरडू नये. डॉक्टर वेळेवर पोचत नाही तिथे भूमकाच पोचतो. शहरातला शिकलेला माणूस तर डॉक्टर दाराशी असताना बाबाकडे जातो. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा व्हायला महाराष्ट्रात २०१३ साल उजाडावे लागले, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला खून पडल्यानंतर. भयपटातला मांत्रिक हा पडद्यावरचा विनोद राहत नाही. भीती पडद्यावर पेरली जाते आणि तिचे पीक बाबा कापतात.

आणि खरे भय आपण पाहिलेले नाही काय? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले, ते कोणत्या सैतानाने? गावातली, रोज दिसणारी, ओळखीची माणसे होती ती. त्या नोव्हेंबरात अमरावतीच्या रस्त्यांवर लोक उतरले ते भुताविरुद्ध उतरले नव्हते. आजोबांचे वाक्य आठवते. भूत काही पाहिले नाही, सोटा पाहिला.

ज्यांनी या मातीत भीतीविरुद्ध झाडू हाती घेतला ते गाडगेबाबा याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. बोकड कापून देव पावत नाही, हे ते कीर्तनात लोकांकडूनच वदवून घेत. कारण प्रश्न विचारला की भीती ढिली होते, हे त्यांना माहीत होते. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त राक्षस या शब्दालाच प्रश्न विचारला. ज्यांना तुम्ही राक्षस म्हणता ते मुळात रक्षण करणारे होते, असे त्यांनी मांडले. जुन्या गोष्टी नव्या डोळ्यांनी पाहणे ही आपली परंपराच आहे. ती पुराणांपाशी थांबवण्याचे कारण नाही. आज पोरे पुराणे वाचत नाहीत, पडदा पाहतात. चिकित्सा पडद्याचीही झाली पाहिजे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिन्यातून एकदा एक सिनेमा लावावा. कधी जुना भुताचा, कधी जपानी ॲनिमे. लहान-मोठे सगळे बसावेत. आणि दिवा लागल्यावर चार प्रश्न विचारावेत. वाडा कोणाचा आहे? त्याखाली कोण पुरले आहे? त्याला भूत कोणी केले? आणि आपण श्वास कोणाच्या बाजूने रोखून धरला होता? उत्तरे पोरांनाच देऊ द्यावीत. ती आपल्यापेक्षा चांगली देतात, हा आमचा त्या रात्रीचा अनुभव आहे.

याच अमरावतीत, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटलेला असताना अस्पृश्यांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. ती भरली होती इंद्रभुवन थिएटरात. नाटकाच्या त्या जागेत त्या दिवशी करमणुकीला कोणी आले नव्हते. माणूस म्हणून उभे राहण्याचा ठराव करायला आले होते. थिएटर कशासाठी वापरायचे हे आपल्या माणसांना पंचाण्णव वर्षांहून अधिक काळापूर्वी कळले होते. ते आपण विसरलो, इतकेच.

त्या रात्री सिनेमे संपायला एक वाजला. पोरे आपापल्या खोलीवर निघाली. पुतण्याने दार लावता लावता मायला चिडवले, "आजी, आता एकटी झोपशील ना? भेव नाई लागत?"

माय म्हणाली, "मले कायचं भेव बाप्पा? तुझ्या पणजाने सारी रात मसणवटीत काढली. तू मले एक सांग. त्या नदीच्या पोटातला कचरा काढला, मग ज्यानं टाकला त्याले कोणी विचारलं का नाई?"

पुतण्या गप्प झाला. आम्हीही.